क्षयाची औषधे, यकृत आणि आपली संरक्षक द्रव्ये

यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूळस्थाने होत, हा चरकसंहितेच्या विमानस्थानातील सिद्धान्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेला असतो. रसाला रंग देऊन त्याचे रक्त करणारे रंजक पित्त तेथेच राहते, हेही आपण शिकलेलो असतो. परंतु आज आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या कित्येक रुग्णांच्या यकृताला जो त्रास होत असतो, त्याचे कारण त्यांच्याच पिशवीतील औषधांच्या पाकिटात असते. युक्तीने योजलेले विषही औषध होते आणि अयुक्तीने योजलेले औषध विषासारखे ठरते, हा चरकाचार्यांचा विचार येथे थोडा अपुरा पडतो. क्षयावरील औषधांच्या बाबतीत निदान अचूक, मात्रा योग्य आणि योजनाही योग्य असताना काही रुग्णांच्या यकृतास इजा होतेच.

ही इजा किती रुग्णांना होते, याविषयी निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दोन टक्क्यांपासून अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत आकडे दिलेले आढळतात. व्याख्या, वय, पोषण, मद्यपान आणि सोबतची विषाणुजन्य कावीळ यांवर हे प्रमाण अवलंबून असते. आपल्या देशापुरते पाहावयाचे तर औषधजन्य यकृतविकाराच्या भारतीय अभ्यासजालाने २०१३ ते २०१८ या काळातील १२८८ रुग्णांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४६.४ टक्के रुग्णांची इजा क्षयावरील औषधांमुळे झालेली होती. दुसरा क्रमांक होता पूरक व पारंपरिक औषधांचा, १३.९ टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. यकृतसंरक्षणाविषयी लिहिताना तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक रुग्ण आमच्या स्मरणातून जात नाही. पस्तिशीचा यंत्रमाग कामगार, फुफ्फुसाचा क्षय, सरकारी केंद्रातून औषधे सुरू होऊन तीन आठवडे झालेले. आमच्याकडे आला तो खोकल्यासाठी नव्हे. "वैद्यसाहेब, गोळ्या पोटाला सोसत नाहीत. जेवण समोर आलं की उमळतं. यावर तुमचं काहीतरी द्या," असे तो म्हणाला. अरुची, उत्क्लेश, किंचित मलावरोध, जिव्हा साम. आम्ही त्याला तयार मिळणारे यकृतावरील एक सिरप आणि आमपाचनाचे चूर्ण दिले, आणि क्षयाची औषधे चालू ठेवण्यास सांगितले. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, थोडे बरे वाटते म्हणाला. आम्ही समाधान मानले. पंधराव्या दिवशी आला तेव्हा नेत्र पिवळे झालेले होते. त्या दिवशी केलेल्या तपासणीत एस.जी.पी.टी. ४०० च्या वर आणि बिलिरुबिन ३ च्या वर होते.

चूक आमची होती. अरुची आणि उत्क्लेश हे केवळ अग्निमांद्याचे लक्षण समजून आम्ही रक्ततपासणी केली नाही. आमच्या औषधाने लक्षण थोडे झाकले गेले आणि त्या पंधरा दिवसांत यकृताची इजा वाढत राहिली. ते सिरप निरुपयोगी होते असे आम्ही म्हणत नाही. त्याने संरक्षण होत आहे, असे आम्ही कोणत्याही पुराव्याविना गृहीत धरले, ही खरी चूक. हा लेख लिहिण्यास प्रवृत्त करणारे कारण तेच आहे.

इजा कशी होते

क्षयावरील पहिल्या फळीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृतास त्रासदायक ठरू शकतात. एथॅम्ब्युटॉल त्या मानाने यकृतासाठी निर्धोक. आयसोनियाझिडचे पचन यकृतात मुख्यतः ॲसिटिलीकरणाने होते. ज्यांच्यात ही क्रिया जन्मतःच मंद असते, त्यांच्या शरीरात हायड्राझीनसारखे घातक उपद्रव्य अधिक साठण्याची शक्यता असते. रिफाम्पिसिन यकृतातील सायटोक्रोम वितंचकांना चेतवते आणि या क्रियेला आणखी जोर देते. पायराझिनामाइडची इजा कधीकधी सर्वांत तीव्र असते. बहुतेक रुग्णांत ही लक्षणे पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे चारही औषधे चालू असतानाच्या काळात दिसतात.

येथे एक गोष्ट प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. आयसोनियाझिड घेणाऱ्या साधारण दहा ते वीस टक्के लोकांत एस.जी.पी.टी. काही काळ थोडे वाढते आणि औषध चालू असतानाच, कोणताही उपचार न करता, पुन्हा खाली येते. यकृत स्वतःला त्या औषधाशी जुळवून घेते. आता अशा रुग्णाला त्याच आठवड्यात आपण भुईआवळीचा स्वरस किंवा पुनर्नवाष्टक क्वाथ दिला, आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरलेला आढळला, तर श्रेय कोणास द्यावे? आपल्या परिषदांतून सादर होणाऱ्या दहा-वीस रुग्णांच्या निबंधांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर यकृताच्या स्वाभाविक सामर्थ्याचे श्रेय द्रव्याच्या नावे जमा होते. द्रव्यगुणाच्या दृष्टीने हा अन्यायच आहे, कारण ज्या द्रव्यात खरोखर गुण आहे तेही मग संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

उंदरांचे प्रयोग कसे वाचावेत

औषधजन्य यकृतविकारावर वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग आपल्या देशात विपुल झालेले आहेत. कुटकी, भुईआवळी, काळमेघ, पुनर्नवा, गुळवेल, शरपुंखा, हळद यांपैकी बहुतेक प्रत्येक द्रव्यावर असे निबंध आहेत. शरपुंखेला निघंटूंनी प्लीहशत्रु हे नाव दिले आहे, तेव्हा तिची निवड संशोधकांना सुचावी यात नवल नाही. प्रयोगाचा साचा बहुधा एकच असतो. सहा-सहा उंदरांचे पाच किंवा सहा गट केले जातात. एका गटास काहीच दिले जात नाही, दुसऱ्यास केवळ विष, तिसऱ्यास विषासह सिलिमारिन, आणि उरलेल्या गटांना विषासह अर्काच्या दोन वा तीन मात्रा. विष म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉलची अतिमात्रा किंवा आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन यांची जोडी वापरतात. शेवटी रक्तातील वितंचके मोजतात आणि यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अर्क घेतलेल्या गटात पेशींचा नाश कमी दिसला, की द्रव्य यकृतसंरक्षक ठरते.

हे प्रयोग टाकाऊ नाहीत. परंतु ते वाचताना काही प्रश्न मनात जागे ठेवावे लागतात. पहिला प्रश्न काळाचा. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी काही दिवस, किंवा विषासोबत पहिल्या दिवसापासून दिलेला असतो. आमचा यंत्रमाग कामगार मात्र इजा सुरू झाल्यावर आला होता. आधी दिलेल्या ढालीचा पुरावा नंतरच्या जखमेवरील लेपाला लावता येत नाही.

दुसरा प्रश्न विषाच्या जातीचा. पॅरासिटामॉल आणि कार्बन टेट्राक्लोराइड ही मात्रेवर अवलंबून असणारी विषे आहेत, पुरेशी मात्रा दिली की कोणत्याही प्राण्याच्या यकृतास इजा होणारच. पॅरासिटामॉलचा एक अंश सायटोक्रोम वितंचकांमुळे तीव्र अशा उपद्रव्यात बदलतो, ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते, आणि ग्लुटाथायोन संपले की पेशी मरू लागतात. म्हणूनच एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेत दिले की माणूस वाचतो. एखाद्या अर्काने हे वितंचकच रोखले, तर उंदराचे यकृत सुरक्षित राहील, पण ते यकृताचे पोषण झाल्यामुळे नव्हे. विष तयारच झाले नाही, इतकेच. क्षयावरील औषधांची माणसातील इजा या जातीची नाही. ती पुष्कळ अंशी त्या व्यक्तीच्या प्रकृतीवर, जनुकांवर आणि रोगप्रतिकारक प्रतिक्रियेवर अवलंबून असते. उंदरात ती तशीच्या तशी उत्पन्न करता येत नाही, म्हणून प्रयोगात औषधाची मात्रा पुष्कळ वाढवावी लागते. रुग्णास आयसोनियाझिड दर किलो वजनास ५ मिलिग्रॅमच्या आसपास दिले जाते, तर उंदरास सामान्यतः ५० मिलिग्रॅम.

तिसरा प्रश्न अर्काच्या मात्रेचा. हा हिशेब आपण कागदावर करून पाहावा. उंदरास दर किलोस २०० मिलिग्रॅम अर्क दिला, असे निबंधात असते. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या प्रचलित रूपांतरानुसार (६ ने गुणून ३७ ने भागावे) माणसासाठी ही मात्रा दर किलोस सुमारे ३२ मिलिग्रॅम होते. साठ किलोच्या रुग्णास दिवसाला जवळजवळ दोन ग्रॅम अर्क लागेल. शंभर ग्रॅम वाळलेल्या द्रव्यापासून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर हे वीस ग्रॅम द्रव्य झाले. बाजारातील अनेक-द्रव्यी सिरपच्या दोन चमच्यांत त्या द्रव्याचा किती अंश असतो, हे बाटलीवरील पाठ वाचून वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे. शिवाय तो अर्क बहुधा मद्यार्काने काढलेला असतो, आपण देतो तो क्वाथ पाण्याचा. दोहोंत उतरणारे अंश एकच असतील असे नाही.

कुटकीविषयी थोडे विस्ताराने

या सर्व द्रव्यांत आमचा सर्वाधिक विश्वास कुटकीवर आहे, आणि त्याला केवळ परंपरा हे कारण नाही. चरकाने तिची गणना भेदनीय आणि लेखनीय या दोन्ही महाकषायांत केली आहे. आरोग्यवर्धिनीत इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी असते, फलत्रिकादि क्वाथातही ती आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातील पिक्रोसाइड व कुटकोसाइड यांचा प्रमाणित अंश पिक्रोलिव्ह या नावाने अभ्यासला. मुंबईच्या संशोधकांनी १९८० मध्ये आरोग्यवर्धिनीचा, आणि १९९६ मध्ये केवळ कुटकीच्या मूलचूर्णाचा, तीव्र विषाणुजन्य कावीळीतील द्विअंध अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या अभ्यासात १५ रुग्णांना ३७५ मिलिग्रॅम कुटकी दिवसातून तीनदा दोन आठवडे दिली, १८ रुग्णांना तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण दिले. बिलिरुबिन सरासरी २.५ पर्यंत उतरण्यास कुटकीच्या गटात २७.४ दिवस लागले, दुसऱ्या गटात ७५.९. रुग्ण थोडे होते हे खरे, पण पद्धत चोख होती. उंदरांवरील शंभर निबंधांपेक्षा अशा एका अभ्यासाचे मोल आम्हाला अधिक वाटते.

मात्र ती विषाणुजन्य कावीळ होती, औषधजन्य नव्हे. तो निष्कर्ष क्षयाच्या रुग्णास जसाच्या तसा लावताना आपल्याच शास्त्रातील एक मोठी अडचण उभी राहते. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत चरकाने मलाच्या रक्षणावर विशेष भर दिला आहे, कारण सर्व धातू क्षीण झालेल्या यक्ष्म्याच्या रुग्णाचे बल मलावरच टिकून असते. कुटकी तर भेदन करणारी. चाळीस किलो वजनाच्या, आधीच कृश झालेल्या रुग्णाला रोज तीन ग्रॅम कुटकी देऊन दोन-तीन द्रव मलप्रवृत्ती घडवणे म्हणजे यकृताच्या रक्षणासाठी रुग्णाचे बल घालवणे होय. कामलेत मृदू तिक्त द्रव्यांनी विरेचन हे सूत्र बरोबर असले, तरी ते बलवान रुग्णासाठी आहे. ज्या रुग्णात व्याधी क्षय आणि उपद्रव कामला, तेथे कुटकी द्यायचीच झाली तर अल्प मात्रेत, मल बांधलेला असेल तेव्हाच आणि वजनावर लक्ष ठेवून द्यावी. हा विचार प्रयोगशाळा आपल्याला देणार नाही, तो आपणच करावयाचा आहे.

भुईआवळीच्या इतिहासातूनही शिकण्यासारखे आहे. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात हिपॅटायटिस-बी च्या वाहकांपैकी औषध घेतलेल्या ५९ टक्के लोकांतून विषाणूचा पृष्ठप्रतिजन नाहीसा झाला, दुसऱ्या गटात केवळ ४ टक्क्यांतून. जगभर आशा निर्माण झाली. इतरत्र झालेल्या पुढील अभ्यासांत मात्र तसे फळ मिळाले नाही. फायलँथस वंशातील सारख्या दिसणाऱ्या जातींची सरमिसळ हे एक कारण सांगितले जाते. पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर एकाच ठिकाणी दोन-तीन जाती उगवलेल्या आम्हीही पाहिल्या आहेत, आणि गोळा करणारा माणूस त्या सर्वांना भुईआवळीच म्हणतो.

क्षयाच्या औषधांसोबतचा अभ्यास

प्रत्यक्ष क्षयरुग्णांत वनस्पतींचे अर्क देऊन पाहिलेला एक उल्लेखनीय अभ्यास गुजरातेतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. क्षयाची नेहमीची औषधे चालू असलेल्या ३१६ रुग्णांना त्यांनी हळद आणि गुळवेल यांचे प्रमाणित अर्क दिले, १९२ रुग्णांना दिले नाहीत. यकृताची इजा अर्क घेणाऱ्यांत केवळ दोघांना झाली, न घेणाऱ्यांत २७ जणांना. हे अंतर मोठे आहे. इतके मोठे की, दुसऱ्या केंद्रातील, दुसऱ्या हातांनी केलेल्या, अंध पद्धतीच्या अभ्यासात ते टिकते का, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये असे आम्हाला वाटते. आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकविसाव्या वनस्पतीवर उंदरांचा प्रयोग करण्याऐवजी हाच अभ्यास पुन्हा का करू नये?

यात आणखी एक धोका असतो. क्षयाच्या औषधांची रक्तातील पातळी राखणे हे यकृत राखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पिंपळी-मिऱ्यातील पायपेरीन रिफाम्पिसिनचे शोषण वाढवते, यावर आधारलेले संयुक्त औषधही आपल्या देशात तयार झाले. याउलट त्रिकटूमुळे सशांच्या रक्तात आयसोनियाझिडची पातळी घटल्याचेही आढळले आहे. अग्निदीपनासाठी सहज हाती येणारे त्रिकटू येथे तटस्थ राहत नाही. म्हणून क्षयाच्या गोळ्या आणि आपले औषध यांत निदान दोन-तीन तासांचे अंतर असावे, आणि गरज नसता दीपन-पाचनाची अनेक द्रव्ये एकदम सुरू करू नयेत.

संरक्षकच जेव्हा अपराधी ठरतो

आता त्या १३.९ टक्क्यांकडे येऊ. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत, मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेलीचे सेवन करणारे सहा रुग्ण यकृतविकाराने आजारी आढळले, आणि त्यांचा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. वापरलेली वनस्पती खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हा प्रश्न मंत्रालयाने पुढे केला, आणि तो योग्यच होता. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी असतात, हे आपण जाणतो. पण पुढे अनेक केंद्रांतील आणखी रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांतील पुष्कळांत स्वयंप्रतिकारक यकृतदाहासारखे चित्र होते. रोगप्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य अशा प्रवृत्तीच्या रुग्णाला महिनोन्‌महिने रोज द्यावे का, हा प्रश्न वनस्पतीची ओळख पटल्यावरही उरतोच.

अमेरिकेतील अभ्यासजालाने हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित दहा रुग्ण नोंदवले. त्यांतील सात जणांत एच.एल.ए.-बी ३५:०१ हा एकच जनुकीय विशेष आढळला. भाजीतील हळदीचा याच्याशी संबंध नाही. परंतु द्रव्याचा एकच अंश काढून, तो घट्ट करून, शोषण वाढवण्यासाठी त्यात पायपेरीन मिसळून दिला, की ते द्रव्य आपल्या निघंटूतील राहत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे रुग्णाला सांगणे आम्ही आता सोडून दिले आहे.

चिकित्सालयात आम्ही काय करतो

क्षयाची औषधे घेणारा रुग्ण आला की प्रथम यकृताची तपासणी करवून घेतो आणि तिची प्रत आमच्या नोंदवहीत ठेवतो. मद्य, पूर्वीची कावीळ, अपस्माराची औषधे, वेदनाशामके आणि इतरांकडून घेतलेली काढ्यांची चूर्णे यांची विचारपूस करतो. रुग्ण या गोष्टी आपणहून सांगत नाहीत. अरुची, उत्क्लेश, उजव्या कुशीत जडपणा, गडद मूत्र यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर औषध देण्यापूर्वी पुन्हा तपासणी. लक्षणे असताना एस.जी.पी.टी. सामान्य मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणे नसतानाही पाचपट झाले, अथवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन रुग्णास त्याच्या क्षयकेंद्राकडे पाठवतो. औषधे थांबवण्याचा निर्णय त्या केंद्राने घ्यावयाचा असतो. आपण ती परस्पर थांबवली तर यकृत कदाचित वाचेल, पण जंतू प्रतिरोधक होऊन रुग्ण दुसऱ्या संकटात सापडू शकेल. आणि आपण ती परस्पर चालू ठेवण्यास सांगितले, तर काय होते ते वर सांगितलेच आहे. कावीळीसह एस.जी.पी.टी. तिपटीहून अधिक असेल, तर अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. ग्लानी, बरळणे, निद्रेचा विपर्यय किंवा रक्तस्राव दिसला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय.

त्या यंत्रमाग कामगाराची चारही औषधे केंद्राने थांबवली. एस.जी.पी.टी. मर्यादेच्या दुपटीखाली येण्यास साधारण पाच आठवडे लागले. मग प्रथम रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, अशी एकेक औषधे तपासण्या करीत पुन्हा सुरू झाली. पायराझिनामाइड वगळले, म्हणून उपचार नऊ महिन्यांचा झाला. त्या पाच आठवड्यांत आम्ही त्याला मुगाचे यूष, मनुका, डाळिंब, जुन्या तांदळाचा भात आणि विश्रांती यांखेरीज काहीही दिले नाही. केंद्रातील डॉक्टरांनी विचारले होते की तुमचे काही चालू आहे का, आणि नाही असे आम्ही स्वच्छ सांगू शकलो. औषधे पुन्हा सुरू होऊन दोन महिने तपासण्या स्थिर राहिल्यावर, त्यांना कळवून, आम्ही अल्प मात्रेत गुळवेलीचा क्वाथ सुरू केला. वेल आमच्याच परसातील, ओळखीची. त्याच्या पानावर आम्ही तारीख, मात्रा आणि दर पंधरा दिवसांचे आकडे लिहीत गेलो. त्या क्वाथाने काही केले की नाही, हे त्या एका पानावरून सांगता येत नाही. तशी आणखी पाने आमच्या नोंदवहीत आता आहेत. वाचकांपैकी कोणाकडे अशाच नोंदी, तपासण्यांच्या प्रतींसह, असतील तर त्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. ज्या रुग्णांत लाभ झाला नाही, किंवा अपाय झाला, त्यांच्याही पाठवाव्यात.